पप्पांचा विसावा हिस्सा

बदलापूरला मोठा फ्लॅट घ्यायचं आम्ही नवरा-बायकोनं ठरवलं, तेव्हा एका रविवारी मी घरचं सगळं नियोजन कागदावर मांडलं. हप्ता, मुलीची फी, विमा, म्युच्युअल फंड. आपण फार शहाणे झालो असं वाटत होतं. तरी मेळ बसेना, आणि माझी नजर वडिलांच्या पेन्शनवर गेली.

वडील अंबरनाथच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून आमच्याकडे कमाईचा विसावा हिस्सा समाजासाठी बाजूला काढतात. वडील तो दर महिन्याला विहारातल्या अभ्यासिकेला देत. ज्यांच्या घरात पुस्तक पसरायला जागा नाही, ती पोरं तिथं बसून दहावी-बारावी करतात. मीही तिथंच केली.

"पप्पा, घर होईपर्यंत ते दान थांबवा ना," मी म्हणालो. अंथरूण पाहून पाय पसरावेत, असंही वर ऐकवलं. पाय मीच पसरत होतो, हे ध्यानात आलं नाही. ते नुसतं "बरं" म्हणाले आणि घरखर्चाला जास्त पैसे देऊ लागले.

तीन-चार महिन्यांनी चहा पिता पिता त्यांना चक्कर आली. बीपी पाहून डॉक्टर माझ्यावरच डाफरले. घरी आल्यावर बायकोनं त्यांचा औषधांचा डबा तपासला, तेव्हा उलगडा झाला. गोळ्या ते एक दिवसाआड घेत होते, आणि वाचलेले पैसे अभ्यासिकेला देत होते.

मी भडकलो. खरं तर घाबरलो होतो. "जिवावर बेतलं असतं पप्पा! कळत कसं नाही तुम्हाला?"

"गोळी माझी आहे, ती मी कमी करू शकतो," ते शांतपणे म्हणाले. "तो हिस्सा माझा नाहीच, तर थांबवू कसा?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बायको म्हणाली, "घरातलं माणूसच गेलं तर मोठा हॉल काय चाटायचाय?" आम्ही बुकिंग रद्द केलं. थोडे पैसे बुडाले. दोन खोल्यांत अजून भागतंय.

मग मी नियोजन नव्यानं लिहिलं. सगळ्यात वर पप्पांची औषधं, त्याखाली त्यांच्या पेन्शनचा विसावा हिस्सा. जरा ऐटीतच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी चष्मा लावून सावकाश वाचलं, कागद उलटून मागची बाजूही पाहिली.

"माझा आहे," ते म्हणाले. "तुझ्या पगाराचा कुठं लिहिलायस?"