गंगम्माच्या भिंतीमागचा वूफर

नवऱ्याचं नाव घ्यायची मला सवय नाही, पण माणसाबद्दल लिहायचं तर नाव लागतंच. विरूपाक्ष. आणि लिहिताना मी त्याला ‘तो’च म्हणणार, ‘ते ते’ करत बसले तर माझ्याच्यानं खरं लिहून होणार नाही.

लातूरला औसा रोडवर आमचं साउंड सिस्टिमचं दुकान आहे. तो लोकांच्या घरी होम थिएटर बसवतो, मी सोबत जाते. वायर धरायला आणि गिऱ्हाइकाशी बोलायला. बोलणं हे काम त्याच्याकडून होत नाही.

त्याला काही वाटत नाही. हे मी रागानं म्हणत नाही, चौदा वर्षांच्या संसारानंतर म्हणते. माझे वडील गेले तेव्हा सगळी धावपळ त्यानं केली, माणसं गोळा केली, आमच्यात पुरतात म्हणून खड्डा खणून घेतला, फुलं आणली. रात्री मला विचारलं, “चहा टाकू का?” बस. त्याचं मूळ गाव किल्लारीच्या बाजूचं. भूकंप झाला तेव्हा तो सात वर्षांचा होता. आई-वडील त्यात गेले, मामानं रेणापूरला नेऊन वाढवलं. त्या पहाटेबद्दल विचारलं की म्हणतो, “आठवत न्हाई.” मीही विचारणं सोडलं. त्याच्यासोबत राहून राहून माझंही तसंच झालंय, हसायच्या जागी हसते आणि रडायच्या जागी कांदा चिरते.

कामात मात्र तो पक्का आहे. वूफर म्हणजे घुमणारा, खालचा आवाज देणारा डबा. गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, छाती धडधडली पाहिजे, सगळ्यात मोठा डबा द्या. हा म्हणतो, एका मोठ्यापेक्षा दोन लहान घ्या, सगळ्या खोलीत सारखा बेस मिळेल. ऐकत कुणीच नाही. मग घरी गेल्यावर त्याची ती रीत सुरू होते. वूफर उचलून तो सोफ्यावर ठेवतो, जिथे मालक बसणार तिथे. गाणं लावतो आणि स्वतः गुडघ्यांवर रांगत भिंतीच्या कडेनं फिरतो. कान जमिनीजवळ, तळहात फरशीवर. जिथे बेस स्वच्छ ऐकू येईल तिथे खडूनं फुली मारतो. मग वूफर त्या फुलीवर आणि मालक सोफ्यावर. घरातली पोरं त्याला घोडा घोडा म्हणून हसतात. त्याला त्याचंही काही वाटत नाही.

दिवाळीनंतर सोमेश सरांचं काम आलं. सर क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात, तीस वर्षांचं वय आणि रिंग रोडला नवा बंगला. विरूपाक्षनं रांगून समोरच्या भिंतीच्या मधोमध फुली मारली. सरांना ती जागा पटली नाही, तिथे त्यांना शोकेस हवी होती. त्यांनी मागचा कोपरा दाखवला.

“कोपऱ्यात लई घुमंल,” विरूपाक्ष म्हणाला. “पलीकडं कोण झोपतंय?”

“अव्वाची खोली आहे,” सर म्हणाले. आईला ते अव्वा म्हणतात. “तिला काय त्रास व्हायचा? दोन वर्षं झाली, तिला ऐकूच येत नाही. म्हणून तर ती भिंत म्हणतोय.”

मलाही ते पटलं. बहिऱ्या माणसाच्या भिंतीला आवाजाचा डबा, याच्याहून सोयीचं काय? विरूपाक्षनं वूफर कोपऱ्यात ठेवला. आम्ही जेवून निघालो. सरांच्या अव्वानं, गंगम्माआजींनी, स्वतः वाढलं होतं, कपाळावर विभूतीचे पट्टे, हालचाल चटपटीत. शेंगाची चटणी दोनदा वाढली.

महिन्यानं सरांचा फोन आला. सिस्टिमबद्दल तक्रार नव्हती. अव्वाचं डोकं फिरलंय, म्हणाले. घरात पाहुणे राहायला येणार आहेत, त्याआधी पुण्याला एका संस्थेत तिची सोय केलीय, रविवारी नेतोय; तिची खोली मोकळी होईल, तिथे एक टीव्ही आणि स्पीकर लावून द्या.

आम्ही शनिवारी दुपारी गेलो. आजी अंगणात पेरूच्या झाडाखाली प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या, पायात चप्पल नाही. थंडीचे दिवस, तरी त्या आठ दिवस घरात झोपल्या नव्हत्या. सरांनी सांगितलं ते असं. संध्याकाळी सगळे सिनेमा बघत असले की अव्वा खोलीतून धावत येते, नातीचा, शिवानीचा, हात धरते आणि तिला फरफटत बाहेर नेते. मागच्या आठवड्यात पोरगी पायरीवर पडली, गुडघ्याला तीन टाके पडले. विचारायला गेलं तर अव्वा पुन्हा झाडाखाली जाऊन बसते.

“रोज असं होतं?” मी विचारलं.

“रोज न्हाई. आम्ही सिनेमा लावला की. तिला करमत नसेल, लक्ष वेधायला करत असेल. डॉक्टर म्हणाले, म्हातारपणी असं होतं.”

विरूपाक्ष ऐकत होता. तो उठला आणि सरळ आजींच्या खोलीत गेला. मी मागून गेले. आजींची लोखंडी कॉट त्याच भिंतीला टेकून होती. तो कॉटवर आडवा झाला, आजींसारखा, कुशीवर, गुडघे पोटाशी. गिऱ्हाइकाच्या आईच्या गादीवर! मी म्हटलं, “अहो, काय करायलाव? उठा.”

“सरांना सांग, रोजचा सिनेमा लावा. रोजच्याच आवाजात.”

मी दारातून हाक मारून सांगितलं आणि कॉटजवळ येऊन उभी राहिले. सिनेमा सुरू झाला. भिंतीतून शब्द येत नव्हते, गाणं येत नव्हतं, काहीच नीट ऐकू येत नव्हतं. आधी कॉटचा पाय फरशीवर किणकिणला. मग तांब्यावरचं फुलपात्र. मग ते खालून आलं, कानातून नव्हे, तळपायातून. हे सगळं मला नंतर आठवलं. त्या वेळी एवढंच कळलं की माझ्या मनगटाला कुणीतरी धरलंय आणि मी दारातून, हॉलमधून, पायऱ्यांवरून ओढली जातेय. एक चप्पल पायरीवर राहिली.

अंगणात, पेरूच्या झाडाखाली, तो थांबला. माझा हात त्यानं सोडला नव्हता. तोंड पांढरं पडलं होतं. तो वर बघत होता, छपराकडे.

आजींनी त्याच्याकडे बघितलं. मग बहिरी माणसं बोलतात तशा मोठ्यानं म्हणाल्या, “तुझे किती गेले रे, लेकरा?”

त्यानं मोकळा हात वर केला. तीन बोटं.

दोन मला माहीत होती. तिसरं बोट कुणाचं, ते मला चौदा वर्षांत कळलं नव्हतं.

आजींनी मान हलवली आणि स्वतःची दोन बोटं दाखवली. सर सिनेमा थांबवून पायरीवर आले होते. “माझ्या आधीचे दोघं भाऊ,” ते हळूच म्हणाले. “मी नंतरचा. ती कधी बोलली नाही.” मग एकदम खालीच बसले. वर्गात पोरांना तरंग शिकवणारा माणूस. “हाव, जमिनीतून जातो की आवाज,” ते म्हणाले. “भिंतीतून जातो. मी तिच्या उशाशी भूकंप लावून ठेवला.”

त्या दुपारी विरूपाक्षनं पुन्हा जागा शोधली, पण उलटी. वूफर सरांनी एकेका जागी ठेवत हॉलभर फिरवला, आवाज आधी बारीक, मग थोडा थोडा वाढवत. आजी कॉटवर बसल्या, विरूपाक्ष खाली फरशीवर, दोघांचे तळहात कॉटच्या पट्टीवर. थरथर जाणवली की आजी हात उचलत, मी दारातून खूण करी आणि हॉलमधला आवाज बंद होई. शोकेस हलवली तेव्हा कुठे हात खाली राहिला. समोरच्या भिंतीची पहिली फुली, तीच. खाली रबराचा जाड तुकडा टाकला. कॉट भिंतीपासून हातभर सरकवून दिली. सिनेमा लावायच्या आधी शिवानीनं आजीला येऊन सांगायचं आणि तिच्यापाशी बसायचं, हे सरांनीच ठरवलं. पुण्याला त्यांनी आमच्यासमोर फोन करून नाही म्हणून सांगितलं. निघताना आजी आम्हाला सोडायला अंगणात आल्या आणि आपली खुर्ची उचलून परत घरात गेल्या. आत जाऊन त्यांनी कॉटवर गोधडी पसरली, इतकंच मी बघितलं.

परत येताना गाडीवर मी मागे बसले होते. शिवाजी चौकाच्या सिग्नलला तो म्हणाला, “धाकटी बहीण. हाताला धरून होतो.”

सिग्नल सुटला. मागचे हॉर्न वाजवायला लागले.

“सुटला हात,” तो म्हणाला आणि गाडी पुढे काढली.

माझ्या मनगटावर त्याच्या बोटांचे वळ चार दिवस होते, आधी लाल, मग निळे. शेजारणीनं विचारलं तेव्हा मी पदर ओढून घेतला. मला ते दुखत होतं आणि मला त्याचा आनंद होत होता, दोन्ही खरं आहे. पाचव्या दिवशी वळ गेले. त्या दिवशी स्वयंपाक करताना मी कांदा न चिरता रडले.