तांब्याच्या पत्र्यावरचा समुद्र

ग्रुपवर मी सहसा लिहीत नाही. आज सकाळी यांचा दहावा झाला.

हे चित्रकलेचे शिक्षक. युरोपातल्या पाचशे वर्षांपूर्वीच्या छापचित्रांमधले माशाच्या शेपटीचे, समुद्रातले घोडे ते तांब्याच्या पत्र्यावर कोरायचे. शेवटचा पत्रा अर्धाच राहिला.

घाटावर मी तासभर हात जोडले, तरी कावळा पिंडाला शिवेना. मग धाकटे दीर म्हणाले, "दादा, तुझा पत्रा मी जपीन." कावळा लगेच शिवला.

दुपारी दीरांनी तोच पत्रा शहागंजच्या बाजारातून गोल कापून आणला आणि पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून ठेवला.

"टँकर आठ दिवसांनी येतो वहिनी, पाणी उघडं ठेवायचं का? दादाचा समुद्र पाण्यावरच हाय की!"

सगळे हसले. घोड्यांची तोंडं कापली गेली, शेपट्या तेवढ्या राहिल्या.

यांनी माझ्यापेक्षा भावाचाच शब्द खरा मानला. तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आलाय का?