बॅनरखालचं धान

हंगामाच्या पहिल्या गरम कोंड्याचा वास आला की मला गिरणीच्या दारावरचा तो बॅनर आठवतो. मूल या तालुक्याच्या गावाच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या आमच्या गावात बाबांची धानगिरणी होती. जवळच्या डोंगरात खाण येणार अशी चर्चा सुरू झाली, आणि पोरांना नोकऱ्या लागतील या आशेने बाबांनी दारावर ‘खाण पाहिजे’ असा बॅनर लावला. जंगलातल्या गावांतून येणारी पोती हळूहळू बंद झाली. तिथले लोक नव्या धानाचा भात आधी देवाला ठेवतात, मगच घरात खातात. त्या धानाच्या भरडाईचे पैसे बाबा कधी घेत नसत. त्या वर्षी तेही धान आलं नाही. एक म्हातारी बाई तेवढी रिकाम्या हाताने सांगायला आली. “भाऊ, यंदा आमी उखळातच कांडलं. आमचा देव त्याच डोंगरात हाये. या बॅनरखालून नेलेलं धान त्याले कसं ठेवू?” दुसऱ्या दिवशी बाबांनी बॅनर उतरवला, तर खाण हवी असणारे म्हणाले, “भाऊ पलटले,” आणि त्यांनीही आपली पोती दुसऱ्या गिरणीवर नेली. तो सगळा हंगाम बाबा बंद मशीन पुसत बसायचे. आता गिरणी मी चालवतो. दारावरचे दोन खिळे अजून तसेच आहेत, त्यांच्यावर मी कॅलेंडरसुद्धा टांगत नाही. परवा एका गिऱ्हाइकाने विचारलं, “तू कोनाच्या बाजूनं हायेस, भाऊ?” मी मशीन सुरू केली. तिच्या आवाजात कोणाचंच काही ऐकू येत नाही.