शेवटच्या रांगेतला टॉवेल

औरंगाबादहून सकाळच्या एसटीने निघालो तेव्हा माझ्या दोन स्पीकरच्या खोक्यांनी मागचं अख्खं बाकडं अडवलं होतं. कंडक्टर येवल्यापर्यंत माझ्याशी बोलला नाही. नव्वदच्या दशकाची अखेर होती, थंडीचे दिवस. नाशिकच्या एका जुन्या नाट्यगृहाची डागडुजी झाली होती आणि तिथे कुणाच्या नजरेला पडणार नाही अशी ध्वनियंत्रणा बसवायचं काम मला मिळालं होतं. विंचूरला कांद्याच्या वासासोबत एक म्हातारे शेतकरी आत आले आणि खोक्यावर हात ठेवून बसले.

"भोंगे हायेत व्हय?"

"हो. पण लपवून बसवायचेत. दिसता कामा नयेत."

"मंग लोकान्ला कळनार कसं, तिथं भोंगा हाय म्हनून?"

मी हसलो. निफाडच्या द्राक्षबागा मागे पडेपर्यंत त्यांना या कामातली खुबी समजावत होतो. तरुण होतो, स्वतःच्या हुशारीवर फार खूश असायचो.

नाशिकला व्यवस्थापक कुलथे घ्यायला आले होते. पापडासोबत मिसळ समोर आली आणि पहिल्या घासालाच माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तेवढ्यात कुलथ्यांनी खरी अडचण सांगितली. उद्घाटनाला संगीत नाटकांतल्या जुन्या गायिका इंदूताई नांदी म्हणणार होत्या. वय बहात्तर, आणि जन्मात त्या माईकवर गायल्या नव्हत्या. आता आवाज मागपर्यंत पोचत नव्हता, पण हे त्यांना सांगणार कोण?

"त्यांना कळलं तर त्या आल्या पावली परत जातील," कुलथे म्हणाले. "तुमचं काम दिसलं नाही पाहिजे, एवढंच."

मी माईक रंगमंचाच्या कडेच्या लाकडी पट्टीत बसवले. स्पीकर गेले सज्जाच्या कोरीव जाळीमागे. आवाज कमीजास्त करायचा मिक्सर शेवटच्या रांगेमागच्या अडगळीच्या खोलीत ठेवला. त्या खोलीशेजारी दगूनानांचं स्टूल होतं. नाना तिथले जुने द्वारपाल. घरची फुलशेती होती, म्हणून अंगाला कायम झेंडूचा वास. त्यांची आणि ताईंची एक रीत होती: प्रयोगाआधी ताईंनी रंगमंचावरून काही म्हणायचं आणि ते शेवटच्या रांगेत ऐकू आलं, की नानांनी खांद्यावरचा टॉवेल वर करायचा. त्याशिवाय ताई तिसरी घंटा देऊ देत नसत.

उद्घाटनाच्या दुपारी ताई आल्या. बारीक चणीच्या, सुती साडीतल्या. त्यांनी रिकाम्या नाट्यगृहाला विचारलं, "नाना, चहा झाला का?" मी हळूच आवाज वाढवला. टॉवेल वर गेला. ताई हसल्या आणि मला उगाचच चोरी केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी नाट्यगृह शाली-स्वेटरांनी गच्च भरलं. पडदा उघडला, ताईंनी सूर लावला आणि माझ्यापर्यंत काहीच आलं नाही. दारातून डोकावून वर पाहिलं तर सज्जाच्या जाळीवर जाड मखमली कापड ताणलेलं, त्यावर झेंडूच्या माळांवर माळा. त्या नानांच्याच मळ्यातल्या होत्या. सजावट करणाऱ्यांना जाळीमागे काही आहे हे कुणी सांगितलंच नव्हतं. विंचूरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न मला तेव्हा कळला.

मी आवाज वाढवला, तर माईक शिट्टी द्यायच्या बेतात आला. ती शिट्टी वाजली असती तर भर सभेत ताईंची लाज गेली असती. घाबरून मी सगळी बटणं शून्यावर आणली आणि बाहेर धावलो. ताई गाता गाता आमच्याकडे बघत होत्या.

"नाना, येतंय का ऐकू?" मी दबक्या आवाजात विचारलं.

"नाय," नाना म्हणाले, आणि त्यांनी टॉवेल उंच धरला.

ताईंनी डोळे मिटले. माझ्या धावपळीने मागे वळलेल्या लोकांना वाटलं, टॉवेल आपल्यालाच गप्प करायला आहे. खोकणं थांबलं, खुर्च्यांची करकर थांबली. दुसऱ्या कडव्याला ताईंचा आवाज उघडला आणि सगळ्या रांगा ओलांडून आमच्यापर्यंत आला. बारीक, थोडा कापरा, पण निखळ त्यांचा.

"आता येतंय," नाना म्हणाले. त्यांचा हात मात्र खाली आला नाही.

प्रयोगानंतर ताईंनी मला रंगपटात बोलावलं. "दुपारी माझा आवाज मलाच वरून ऐकू आला," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं गातेय, कळणार नाही का? कुलथ्यांचा रागच आला होता. पण आत्ता तुम्ही ते बंद ठेवलंत. नानांचा टॉवेल पाहिलात ना?"

"पाहिला," मी म्हणालो. आवाज पोचायच्या आधीच टॉवेल वर गेला होता, हे मात्र त्यांना सांगितलं नाही.

परतीच्या एसटीत खोकी नव्हती. नानांनी दिलेली झेंडूची माळ तेवढी मांडीवर होती, ती निफाड यायच्या आतच मलूल झाली. पुढे कितीतरी सभागृहांत स्पीकर लपवले. ते कुठे आहेत हे आता सजावटवाल्यांना सगळ्यांत आधी दाखवतो. मग यंत्रणा बंद ठेवून शेवटच्या रांगेत जातो आणि रंगमंचावर कुणालातरी बोलायला सांगतो. ऐकू येवो न येवो, माझा हात आधी वर जातो.