मास्तरांच्या लेकीसाठी प्रार्थना

आमच्या चर्चच्या बाजूच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं आणि त्याची किल्ली माझ्याकडे असे. कपाटात ख्रिस्ती कादंबऱ्या होत्या. सत्तरच्या दशकाची ती शेवटची वर्षं. मी नाशिकच्या एका सरकारी कचेरीत टंकलेखक होते, वय अठ्ठावीस, लग्न झालेलं नव्हतं, आणि याद्या करायची सवय असल्यामुळे चर्चच्या मंडळीतली कुणाला नको असलेली कामं माझ्याकडे येत. पुस्तकांची नोंदवही, संडे स्कूलची हजेरी, नाताळच्या फराळाचं सामान, आणि दर रविवारी पाळकसाहेब उपासनेत वाचत ती प्रार्थनेच्या विषयांची यादी. या शेवटच्या यादीत मी एकदा मोठी चूक केली. ती इथे लिहून ठेवते.

आधी कादंबऱ्यांविषयी. मराठीत त्या लिहिणारी माणसं थोडी होती आणि लेखक म्हणून मिरवणारी नव्हती. कुणी शाळेतून निवृत्त झालेले, कुणी बोर्डिंगची मेट्रन, कुणी खेडोपाडी फिरलेले प्रचारक. सकाळी कोंबड्यांना दाणे टाकून झाले की तासभर लिहायचं, असा त्यांचा प्रकार. पुस्तक छोट्या छापखान्यात निघे, मुखपृष्ठावर बहुतेक उगवता सूर्य असे. शहरातल्या मोठ्या वाचनालयात ती मिळत नसत. पण आमच्या नर्स, शिक्षिका आणि घरात राबणाऱ्या बायका ती रांग लावून नेत. त्याचं कारण सरळ होतं. इतर कादंबऱ्यांत ख्रिस्ती माणूस आला तर फ्रॉकवाली टायपिस्ट किंवा दारू पिणारा साहेब म्हणून येई. इथे तो भाजी आणत होता, जावेशी भांडत होता आणि रविवारी उशीर झाला म्हणून मागच्या बाकावर बसत होता.

आम्ही राहत होतो त्या मिशन कंपाउंडातले आमचे लेखक म्हणजे मास्तर. मिशन शाळेत तिसरी-चौथीला शिकवून निवृत्त झालेले. मलाही त्यांनीच शिकवलं. त्यांच्या तीन कादंबऱ्या कपाटात होत्या आणि तिन्ही सतत बाहेर असत. तिन्हींचा शेवट नाताळच्या दिवशी होई आणि चुकलेलं माणूस चर्चच्या दारात परत येऊन उभं राही. हे आधीच ठाऊक असलं तरी त्या जागी रडायचं असतं म्हणून सगळ्या रडत.

मास्तर आजूबाजूचंच लिहीत, हा त्यांचा दुसरा विशेष. एका कादंबरीत त्यांनी नर्स आणि जीपचा ड्रायव्हर यांचं जमवलं, आणि पुस्तक छापून येईपर्यंत कंपाउंडातल्या एका नर्सचं ड्रायव्हरशी खरंच ठरलं. मास्तर म्हणाले, योगायोग. कुणी मानलं नाही. तेव्हापासून बायका त्यांची कादंबरी वर्तमानपत्रासारखी वाचत.

चौथ्या कादंबरीत त्यांची स्वतःची लेक होती. तिनं सहा वर्षांपूर्वी नाशिकरोडच्या एका बौद्ध कारकुनाशी कोर्टात लग्न केलं होतं. "या घराचं दार तुला बंद," असं मास्तर तेव्हा सगळ्या कंपाउंडाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले होते. नाशिकरोड बसनं अर्ध्या तासावर. पण सहा वर्षांत ना ती इकडे आली, ना मास्तर-मास्तरीणबाई तिकडे गेले.

स्वच्छ प्रत करण्यासाठी त्यांनी वह्या माझ्याकडे दिल्या. म्हणाले, "शेवटचं प्रकरण आधी वाच."

वाचलं. त्यात बाप स्वतः लेकीच्या घरी जातो, जिना चढतो, आणि दारात उभा राहून दीड पान बोलतो, की चूक माझी होती.

"मास्तर, नाताळ नाही?"

"नाही. साधा शनिवार आहे."

"आणि पोरगी चर्चमध्ये परत येत नाही?"

"तिनं कशाला यायचं? दार मी लावलं होतं." मग चष्मा पुसत म्हणाले, "ती माझी पुस्तकं वाचते, मला ठाऊक आहे. छापून आलं की हेही वाचेल. तोंडानं सांगणं मला जमायचं नाही. जन्मभर पोरांना चूक कबूल करायला लावली, स्वतः एकदाही केली नाही. तेव्हा हे प्रकरण जसंच्या तसं गेलं पाहिजे."

छपाईला मंडळी मदत करी, म्हणून हस्तलिखित आधी वाचन समितीकडे जाई. पाळकसाहेब, मंडळीचा कारभार बघणारे एक वयस्क पंच आणि मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, अशी तिघांची समिती. त्यांनी अकरा आक्षेप काढले. मी ते एका कागदावर उतरवून मास्तरांकडे नेले आणि दहा आक्षेप आम्ही एका बैठकीत निकालात काढले. नायक रविवारी सायकल दुरुस्त करतो, शनिवार केला. नायिका दोनदा सिनेमाला जाते, एकदा केलं. पाळकाची बायको पाहुण्यांना बिनसाखरेचा चहा देते, साखर घातली.

अकरावा आक्षेप शेवटच्या प्रकरणावर होता. त्यासाठी पंच स्वतः आले.

"मास्तर, शास्त्राप्रमाणे चुकलेल्यानं परत यायचं असतं. बाप उठून गेला तर उद्या कंपाउंडातली प्रत्येक पोरगी म्हणेल, जाऊ खुशाल, पप्पा येतील की मागून."

"येऊ देत की पप्पा," मास्तर म्हणाले.

"चेष्टा नको. पोरगी चर्चच्या दारात आणा, नाहीतर समितीची सही नाही. महिनाभर विचार करा."

मास्तर अडकले. शेवट बदलला तर पुस्तक निघणार, पण लेक ते वाचून कायमची तुटणार. न बदलावा तर पुस्तकच नाही आणि तिला काही कळणारच नाही. दोन्हीकडून लेक जात होती. महिन्यातले पंधरा दिवस ते कोंबड्यांशीसुद्धा बोलले नाहीत.

इकडे बायकांच्या सभेत कादंबरीचं वाचन चालू होतं. तशी आमची पद्धतच होती. शनिवारी चारला सगळ्या जमत, दवाखान्यातल्या तान्ह्या मुलांसाठी टोप्या विणत, आणि मी मास्तरांचं नवं प्रकरण मोठ्यानं वाचे. त्या शनिवारी तेरावं होतं. लेकीला कळा सुरू होतात, बाळ आडवं असतं, आणि बाळंतपणाच्या खोलीचं दार लागतं तिथे प्रकरण संपतं.

"पुढं?" सटाण्याकडच्या एका म्हाताऱ्या मावशींनी विचारलं.

"पुढच्या शनिवारी."

"म्हणजे मास्तरांच्या लेकीला दिवस गेलेत!" पाळकीणबाई म्हणाल्या.

"कादंबरी आहे ती," मी म्हटलं.

"मास्तर कधी खोटं लिवतो का?" मावशी माझ्यावरच उखडल्या. "त्या नर्सबाईचं लिवलं, झालं का नाय?"

"झालं."

"मग हे बी खरं शे. पोरगी तिकडं अडलीय आन आपण इथं टोप्या इणत बसलो. लिही तिचं नाव यादीत."

यादीबद्दल माझा नियम होता. विषय कुणी सांगितला हे विचारायचं आणि त्या घरी जाऊन खात्री करायची. त्या संध्याकाळी मास्तरांच्या घराला कुलूप होतं आणि पाळकसाहेबांना सहाच्या आत यादी हवी होती. पण खरं सांगायचं तर कुलूप हे निमित्त. कादंबरीची प्रत मी स्वतः केली होती, चौदाव्या प्रकरणात बाळंतीण सुखरूप सुटते हे मला माहीत होतं, तरी सात बायका एका सुरात बोलल्यावर मलाही ते खरं वाटलं. मी लिहिलं: मास्तरांची लेक, नाशिकरोड, पहिलं बाळंतपण, अवघड.

रविवारी पाळकसाहेबांनी एका आजोबांच्या मोतीबिंदूनंतर आणि देवळा गावच्या मंडळीच्या विहिरीनंतर ते वाचलं. सहा वर्षांत त्या लेकीचा उल्लेख चर्चमध्ये पहिल्यांदा झाला. चौथ्या बाकावर मास्तरांनी हातातलं गीतांचं पुस्तक खाली ठेवलं. मग सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत, कारण प्रार्थनेच्या वेळी मी हजेरी मोजते. म्हणून मास्तरीणबाई उठून बाजूच्या दारानं बाहेर पडताना मला दिसल्या.

उपासना सुटल्यावर मास्तरांनी मला गाठलं.

"कुणी सांगितलं तुला?"

"तुमच्या तेराव्या प्रकरणानं," मी खाली बघत म्हटलं.

त्यांना समजायला थोडा वेळ लागला. मग ते बाकावर बसले. "म्हणजे तिला काही झालेलं नाही?"

"मला माहीत नाही, मास्तर."

"मलाही नाही," ते म्हणाले. "सगळं मनानं लिहिलं मी. तिला मूल आहे का नाही, एवढंही मला माहीत नाही."

मास्तरीणबाई दुपारी चारला परतल्या. डिंक, अळीव आणि तुपाची बरणी पिशवीत घालून त्या थेट नाशिकरोडला गेल्या होत्या आणि विचारत विचारत घर शोधलं होतं. दार लेकीनंच उघडलं, हात कणकेनं भरलेले. आईची नजर तिच्या पोटाकडे.

"आई, काय बघतेस? मी बाळंतीण नाही गं. शाळेत नोकरी करते, पोळ्या करतेय."

मग सगळा उलगडा झाला आणि ती भडकली. "माझ्या पोटासाठी अख्खी मंडळी डोळे मिटून बसली? सहा वर्षं कुणाला आठवण नाही, आणि आता मी पुस्तकात आडवी पडल्यावर प्रार्थना?" एवढं बोलून झाल्यावर तिनं आईला चहा दिला. तुपाची बरणी ठेवून घेतली. हे सगळं मास्तरीणबाईंनी अंगणात उभं राहून सांगितलं. मास्तर आत होते. ऐकत होते हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

पुढच्या शनिवारी माझं वाचन सुरू व्हायच्या आधी मास्तरांची लेक दारात उभी राहिली. निळी साडी, खांद्याला पर्स.

"सलाम," ती आमच्या मंडळीच्या रीतीनं म्हणाली. "मला काही झालेलं नाही, बघून घ्या. माझ्यावर काय लिहिलंय ते ऐकायला आलेय."

मावशींनी सुया पुढे केल्या. "बस बाई. टोपी इणायला घे. बोलताना हात रिकामा नसावा."

ती बसली. विणलं मात्र नाही. "ताई, शेवटचं प्रकरण वाचा," मला म्हणाली.

"मधली चार राहिलीत."

"मधलं मला माहीत आहे."

मी शेवटचं वाचलं. बापाचं ते दीड पान मी सावकाश वाचलं. बायका पदरानं डोळे पुसत होत्या. लेक पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत होती.

वाचून झाल्यावर ती म्हणाली, "पप्पा लिहितात छान. दीड पान बोलतात. पण पुस्तकातल्या बाईशी." मग उठली. "त्यांना सांगा, खऱ्या घराला जिना नाही. तळमजला आहे. दुखऱ्या गुडघ्यांचं कारण चालायचं नाही."

मास्तरांचं घर तिथून वीस पावलांवर. त्या दिशेला न बघता ती फाटकातून बाहेर गेली.

मी तिचं बोलणं मास्तरांना शब्दशः सांगितलं. ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "समितीकडून प्रत परत आण. छापायचं राहू दे. जिच्यासाठी लिहिलं तिनं ऐकलं, आणि ते पुरेसं नाही असं ती म्हणते."

"पंचांना काय सांगू?"

"सांग, मास्तरांना अकरावा आक्षेप मान्य नाही." आणि जरा थांबून, "शनिवारी तुझी कचेरी किती वाजता सुटते?"

त्या शनिवारी सभेतलं वाचन बुडवून मी, मास्तर आणि मास्तरीणबाई असे तिघं नाशिकरोडला गेलो. बसमध्ये मास्तर ओठ हलवत होते. ते दीड पान पाठ करत असावेत. घर तळमजल्यावरच होतं आणि दार उघडं. जावई बनियनवर शर्टाला इस्त्री करत होते. लेक मागे स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात येऊन थांबली.

मास्तर दारात उभे राहिले. त्या दीड पानातलं एक वाक्य त्यांना आठवलं नाही. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. आणि मग, "आत येऊ का?"

"या," जावई म्हणाले. "चपला आत ठेवा. बाहेर कुत्रं नेतं."

आम्ही बसलो. जावयांनी शर्ट घडी करून ठेवला, इस्त्रीची वायर गुंडाळली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "मास्तर, तुमच्या तिन्ही कादंबऱ्या वाचल्यात मी. एक शंका आहे. पश्चात्तापाच्या आधी सगळ्यांना टायफॉइड का होतो?"

मास्तर गडबडले. "आजारी पडल्याशिवाय माणूस ऐकत नाही."

"तुम्ही तर धडधाकट आलात."

आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. लेक हसत होती. मास्तरीणबाई पिशवी घेऊन आत गेल्या.

"पप्पा, चहा टाकू का बस गाठायचीय?" आतून तिनं विचारलं. आवाजात अजून धार होती.

मास्तर माझ्याकडे बघू लागले. बसच्या वेळा मी कागदावर लिहून आणल्या होत्या. म्हटलं, "पावणेसहा, सव्वासहा, पावणेसात."

"आणि त्यानंतर?"

"सव्वासात. पावणेआठ."

मास्तरांनी क्षणभर विचार केला. मग घसा साफ करून म्हणाले, "जावईबापू, तुमच्याकडे जेवणं किती वाजता होतात?"