पाठीमागची हाक

आमच्या घरधन्यांना कोल्हारात कुनी सकाळच्या पारी समोर उभं करत न्हाई. खोटं कशाला बोलू? मानूस कामाला निघालं, चार पावलं गेलं, की हे मागनं हाक मारनार. "ए रतनबाई!" केवढा अपशकुन! मग ती रतनबाई माघारी येनार, उंबऱ्याशी टेकनार, घोटभर पानी पिनार आन् पुन्हा निघनार. एकदा तर नवरदेवाच्या गाडीला हाक मारली. वऱ्हाडानं शिव्या कुनाला घातल्या? मला! मीबी काय ऐकून घेनारी हाय व्हय?

गाव ह्यांना भिमाजी म्हनतं. मी काय नाव घेत न्हाई, पर भांडन मनसोक्त करते. तरी हे पैल्यापासनं असे नव्हते हो. म्हमई बघायला गेले आन् असे हुऊन आले.

सहादेव ह्यांचा जिवाचा दोस्त. दोघांची रानं बांधाला बांध. लढाई चालू हुती, चव्वेचाळीस सालचा चैत. रानात काम नव्हतं. सहादेव म्हनाला, "मरायच्या आदी एकदा म्हमई बघू." मेल्याच्या जिभेला हाड न्हाई!

गेले. दुमजली ट्राममदी वरच्या मजल्यावर बसले. मुंबादेवीला नारळ फोडला. रानीच्या बागेत सहादेवानं वाघाला हात जोडून "रामराम पाटील" केला, तर लोक खो खो हसले. एवढं सांगताना ह्यांनाबी हसू येतं.

दुपार कलल्यावर सहादेवाला बोट बघायची हुक्की आली. प्रवरेतल्या होडीबिगर त्यानं पान्यावर दुसरं काय तरंगताना बघितलंच नव्हतं. ह्यांचा पाय नव्या वहानेनं सोलला हुता. सहादेव म्हनाला, "तू हितंच सावलीला बस. म्या बोट बघून आलो."

बंदराकडनं धूर निघत हुता. जाऊ नगं म्हनून हाक मारायला तोंड उघडलं. पर निघालेल्या मानसाला मागनं हाक कशी मारायची? त्याचं वाईट व्हायचं एखादं. मिटलं तोंड. लाल पटक्याखालची त्याची पाठ दिसंल तवर बघत बसले. मग बंदरात दारूगोळ्याची बोट फुटली.

सारी म्हमई हादरली म्हनत्यात. हे दवाखान्यादवाखान्यात फिरले, मढी उलटून बघितली. सहादेव कुटंच घावला न्हाई.

हे सारं ह्यांनी मला सांगितलं. सहादेवाच्या बायकोला, भागूबाईला, एवढंच सांगितलं, "गर्दीत चुकला." झालं! ती कुकू लावून वाट बघत बसली. मोटारीचा आवाज आला की भाकरी तव्यावर टाकून पळायची, उतरनाऱ्यांची तोंडं बघायची. मला बघवायचं न्हाई. आन् आमच्या ह्यांना तर त्यो दिसायचाच, रोज, पाठमोरा. कुनाचीबी पाठ दिसली की ह्यांना वाटायचं, चालला, आता हाक मारली न्हाई तर गेला. सांगा, अशा मानसाला मी किती बोलायचं?

औंदा भागूबाईचा भाऊ सूर्यभान बैलगाडी घिऊन आला. राहुरीकडं स्थळ बघितलं हुतं, तिचा पाट लावायचा हुता. तरनी पोर, किती दिस बसवून ठिवायची? ती म्हनाली, "धनी न्हाईत असं भिमाजी भावजींनी तोंडानं सांगावं. मग येते. न्हाईतर हितंच म्हातारी हुईन."

आली आमच्या वसरीवर. हे खाली बघून अंगठ्यानं भुई उकरत बसले. मीच वराडले, "बोला की वो! का त्या पोरीला जित्तेपनी पुरताय?"

मग बोलले. धूर, बोट, मिटलेलं तोंड, समदं. "वैनी, त्यो गेला. म्या हाक न्हाई मारली."

भागूबाई रडली न्हाई. इचारलं, "पाठ दिसत हुती?"

"व्हय."

"मग मारायची हुती, भावजी."

एवढंच बोलली. पदरानं कुकू पुसलं आन् गाडीत जाऊन बसली.

मी ह्यांचं मनगट गच्च धरलं. म्हनलं, "आता मागनं हाक मारली तर बघा. पोरगी नव्या घरी चाललीय."

गाडी हालली. वळनाशी भागूबाईची पाठ दिसली. ह्यांनी माझा हात झटकला आन् सारा जीव घशात आनून ओरडले, "सहादेवाऽऽ!"

आजवर गावातल्या समद्यांना हाका मारल्या, पर त्याला कदी मारली नव्हती. सूर्यभाननं शिवी हासडून बैलांना दपटलं.

आन् गाडीतनं, मागं वळून न बघता, भागूबाईनं ओ दिली.