दोन बोटांचा पांढरा पट्टा

माणगावच्या टायरच्या दुकानात नव्या रबराचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या दिघीच्या धक्क्यावर जाऊन पोचले. बाबांच्या जुन्या मोटारीसाठी पांढऱ्या पट्ट्याचे टायर निवडायचे होते. "मॅडम, रुंद पट्टा घ्या, फोटोत उठून दिसतो," दुकानदार म्हणाला.

"दोन बोटांचाच द्या. आमचा तेवढाच होता."

त्या दिवशी फेरीबोटीने पलीकडे मावशीच्या लग्नाला जायचं होतं. भरतीचं पाणी धक्क्याच्या उतारावर चढलेलं. पाणी चाकाच्या पांढऱ्या पट्ट्याला लागलं की थांबायचं, हे बाबांनीच ठरवलेलं. आई लग्नातली साडी खोचून पाण्यात उभी राहिली. बाबा हळूहळू गाडी उतरवत होते.

"थांबा! पट्ट्याला लागलं!"

"अगं, अजून जागा हाय."

"न्हाय म्हणतेय ना!" तिने बॉनेटवर दोन्ही हात टेकले. बाबांनी गाडी मागे घेतली. आमच्या मागची जीप ऐटीत पुढे गेली आणि पाण्यातच बंद पडली. तरी लग्न चुकलं म्हणून मी आईशी अबोला धरला. बाबांनी गाडी घराकडे वळवली.

दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी ब्रशने तो पट्टा घासू लागले. बाबांना गाडी मिरवायची भारी हौस, असंच मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले.

दुकानदाराने टायर फडक्याने पुसून समोर धरला. चार पावलांवरूनही पट्टा लख्ख दिसत होता. पाण्यात उभ्या आईला तो असाच दिसावा, म्हणून बाबा घासत होते.